कडीवरची ओढणी

त्या दिवशी सकाळपासून हवा अशी कोंडली होती की तारेवरचं कापड हलत नव्हतं. पाऊस कधीच गेला होता, आभाळ धुऊन काढल्यासारखं स्वच्छ, पण खाडीकडून चिखलाचा वास यायचा आणि घरात शिरला की जायचा नाही. घाम वाळत नव्हता. माझी इस्त्री हातात धरवत नव्हती. शहाण्णव साल, कोजागिरीचा आदला दिवस.

दूध आटायला वेळ आहे अजून. बसा. पार्थ, गॅस बारीक कर आणि तूही बस.

मघाशी तुम्ही विचारलंत ना, खालच्या मजल्यावरचे श्यामकाका कोजागिरीला गच्चीवर का येत नाहीत, त्यांनी लग्न का केलं नाही. थट्टाही केलीत. पण थट्टा बरी नव्हे. त्यानं मला सांगितलं तेवढं सांगतो, माझ्या पदरचं काही घालत नाही.

तेव्हा मी कोपरखैरण्याला एका बिल्डिंगीच्या जिन्याखाली इस्त्रीचं टेबल लावायचो. वर दुसऱ्या मजल्यावर श्यामसुंदर राहायचा. तरुण पोरगा, तुर्भ्याच्या कारखान्यात पाळीवर कामाला. आणि त्याच खोलीत दोन पोरी. वैशाली नि प्राची. दोघी औषधाच्या कंपनीत गोळ्या पॅक करायच्या. वैशाली श्यामच्या गावची, प्राची तिची मैत्रीण. पोरींचं हॉस्टेल बंद पडलं, एवढ्या पगारात खोली मिळेना, तेव्हा याच्याकडे आल्या. पोरी आत झोपायच्या, हा स्वयंपाकघरात. वाईट काही नव्हतं त्यात. पण कुणाला पटलं असतं? गावी कळलं असतं तर बापांनी त्याच दिवशी दोघींना नोकरी सोडून घरी नेलं असतं. म्हणून सोसायटीत सांगितलं, श्याम नि वैशाली सख्खी भावंडं, आणि प्राची आतेबहीण.

तिथंच पहिला घोळ झाला. समोर विमलबाई राहायच्या, जुन्या गावठाणातल्या, तोंडाने मोकळ्या. एकदा भर जिन्यात म्हणाल्या,

"आत्याची पोर म्हंजे लग्नाचीच की रे! येका घरात ठेवलीस, मंग हलद कवा लावतोस?"

श्याम लाल झाला. प्राची माझ्याकडचे कपडे तसेच टाकून वर पळाली. आणि वैशाली मागं उभी राहून म्हणते, "लाव रे दादा, मलाही एक साडी मिळेल."

श्यामच्या मनात प्राची होतीच. बोलायची छाती नव्हती. हो म्हणाली तर ठीक. नाही म्हणाली तर एका खोलीत तोंड कसं दाखवायचं?

आता न्हाणीचं सांगतो. न्हाणीचं दार पाण्यानं फुगलेलं, आतली कडी तुटलेली. मालक दुरुस्त करून देत नव्हता. म्हणून या तिघांनी रीत पाडली. पोरगी आत असली की ओढणी बाहेरच्या कडीवर. श्याम आत असला की त्याचा पंचा. कडीवर ओढणी दिसली की श्याम दाराकडे बघायचासुद्धा नाही, स्वयंपाकघरात जाऊन बसायचा. हाक नाही, टकटक नाही. तेवढा सभ्य होता तो.

पावसाळा सरता सरता श्यामची आंघोळ चुकायला लागली. पाळीवरून यावं तर कडीवर ओढणी. पिवळी. तासभर बसावं, आत पाण्याचा आवाज. शेवटी हा अंगणातल्या नळावर तोंड धुऊन झोपायचा. बिचारा माझ्याजवळ कुरकुर करायचा, "काका, एवढं काय घासतात हो या?"

"अरे, मग विचार की."

"कसं विचारणार? बाईमाणसाला आंघोळीचं विचारू?"

आणि पोरींचं निराळंच. वैशालीला वाटलं, प्राचीनं नवी ओढणी घेतली आणि मला दाखवली पण नाही. प्राचीला वाटलं, वैशालीनं घेतली. झाला अबोला. दोघींच्या पाळ्या वेगळ्या, त्यामुळं अबोला पाळणं सोपं. एक दिवस वैशाली माझ्या टेबलाशी आली. "काका, प्राचीची पिवळी ओढणी तुमच्याकडे इस्त्रीला येते?"

मी म्हटलं, "नाही गं. पिवळी कधी आली नाही."

"बघा, इस्त्रीसुद्धा चोरून करते घरात!" म्हणाली आणि फणफणत गेली. मी हसलो. तुम्ही हसता ना, तसाच हसलो.

तर तो दिवस. संध्याकाळी श्याम दूध आणायला खाली उतरला. मला म्हणाला, "काका, कोजागिरी उद्या आहे, पण आधी एकदा आटवून बघतो कसं होतं. आज या दोघींचं भांडण मिटवतो." खुशीत होता. दूध घेऊन आला, केशराची डबी मला दाखवली, वर गेला. तेवढ्यात लाईट गेली.

पुढचं त्यानं मला सांगितलेलं.

दार उघडून तो आत गेला. मेणबत्ती लावली. दूध ओट्यावर ठेवलं. कडीवर ओढणी होती, पिवळी. आत पाणी ओतल्याचा आवाज. वैशाली सकाळीच सांगून गेली होती की तिला उशीर होणार. म्हणजे आत प्राची. घरात दोघंच, अंधार, आणि मध्ये बंद दार. त्याला वाटलं, तोंडासमोर आपल्याला कधी जमणार नाही. हीच वेळ.

तो दारापासून लांब, भिंतीला पाठ लावून बसला.

"प्राची, दचकू नकोस. मी आहे. एक बोलायचं होतं."

आत पाणी चालूच.

"विमलबाई त्या दिवशी बोलल्या ना... मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं."

पाणी थांबलं.

"घाई नाही. पण तुला चालणार असेल तर मी तुझ्या घरी रीतसर विचारतो. नाही म्हणालीस तरी राग नाही. खोली सोडायची गरज नाही, मीच दुसरीकडे जाईन."

आत काही नाही. थेंब पडतोय तेवढाच.

"तोंडानं बोलू नकोस. हो असेल तर नुसता तांब्या वाजव बादलीवर."

तो थांबला. मेणबत्ती सरळ जळत होती. वारा नव्हताच.

मग आवाज आला.

तांब्याचा नव्हे. बांगड्यांचा. एक-दोन नव्हे, हातभर. लग्नातल्या चुड्यासारखा. सावकाश... खालून वर... जसा कुणी हात उचलून दाराला टेकवला.

श्याम म्हणतो, "काका, मी हसलो. खरंच, मला एवढा आनंद झाला."

हसला. मग हसू तोंडावरच राहिलं.

औषधाच्या कंपनीत बांगड्या चालत नाहीत. प्राचीचे हात मोकळे असायचे. घरातही. एक काचेची बांगडीसुद्धा नव्हती तिच्याकडे.

तो उठला नाही. उठवेना.

"प्राची?"

...

"प्राची, बोल ना."

...

दारात किल्ली फिरली. बाहेरच्या दारात.

दोघी आत आल्या. वैशाली नि प्राची. बसस्टॉपवर भेटल्या होत्या, अबोला मोडला होता, हसत हसत आल्या. प्राचीच्या हातात चारोळीची पुडी.

"अंधारात काय बसलास रे?" वैशाली म्हणाली. मग तिचं कडीकडे लक्ष गेलं. "आणि ही बघ बाई तुझी ओढणी. घालून जात नाहीस, लटकवून काय जातेस?"

"माझी?" प्राची म्हणाली. "तुझी ना ती?"

दोघी श्यामकडे वळल्या.

श्यामनं मेणबत्ती घेतली. पायानं दार ढकललं. दार फुगलेलं, एरवी घासायचं. तेव्हा घासलं नाही.

आत कुणी नव्हतं. बादली कोरडी. फरशी कोरडी. तांब्या पालथा. मोरीच्या तोंडाशीसुद्धा ओल नव्हती.

तिघं जिना उतरून माझ्याकडे आले. पायांत चपला नव्हत्या. त्या रात्री ती तिघं माझ्या टेबलाशेजारी जिन्यातच बसली. विमलबाईंनी वरून विचारलं, "काय झालं रं?" तर श्याम म्हणाला, "उकडतंय आत." खरं सांगितलं असतं तर चौकशी झाली असती, कोण कुणाची बहीण इथपर्यंत गेली असती. म्हणून त्या खोलीत यांच्या आधी कोण राहायचं, हेही कुणी कुणाला विचारलं नाही. मलाही आजवर कळलं नाही.

सकाळी सामान काढलं. ओढणीला कुणी हात लावला नाही. मी स्वतः वर गेलो होतो, खाली न्यायला मदत म्हणून. कडीवर होती. तशीच ठेवून कुलूप लावलं.

पोरींना दुसरं हॉस्टेल मिळालं. श्यामनं नेरूळला खोली घेतली. दाराआडचं ते बोलणं त्यानं प्राचीला सांगितलं नाही, वैशालीला नाही, मलाही तेव्हा नाही. दिवाळीनंतर मात्र त्यानं धीर केला, प्राचीला समोर बसवून विचारलं. ती म्हणाली, "एवढा उशीर लावलास?" घरचेही तयार झाले. साखरपुडा ठरला. पोरगं माझ्याकडे शर्ट इस्त्रीला घेऊन आलं, खास नेरूळहून. म्हणालं, "काका, घडी नीट घाला, उद्या सकाळी निघायचंय." मी पैसे घेतले नाहीत.

तो शर्ट अजून तसाच आहे त्याच्याकडे. घडी मोडलेली नाही.

माझ्याकडून तो नेरूळला गेला, खोलीचं दार उघडत होता, तेव्हा शेजारच्या रहिमाताई बाहेर आल्या. रायगडाकडच्या, मनानं चांगल्या, त्याला चार-दोन आठवडेच ओळखणाऱ्या. हातात धुऊन, वाळवून, चौकोनी घडी घातलेलं पिवळं कापड. हसत म्हणाल्या,

"श्यामभाई, वहिनीला आनलं तर सांगायचं तरी! ही घ्या ओढनी, उडून आमच्या गॅलरीत आली होती. दुपारी तुमच्या दारात उभ्या होत्या, चुडा भरलेला, म्हनून मी विचारलं, लगीन कवा झालं? तर हसल्या नि बोलल्या, लगीन व्हायचंय अजून... पन मागनी त्यांनीच घातली, न्हानीच्या दाराआडून."