गवतयंत्र ‘नाही’ का म्हणत होतं?

किल्ली फिरवली की यंत्राचे दोन्ही दिवे झगझगीत लागत होते, पण इंजिन गप्प होतं. घरघर नाही, साधी टकटकसुद्धा नाही.

कृत्तिकाने घड्याळ पाहिलं. सव्वाबारा. चार वाजता टिटवी उतरणार होती.

ही टिटवी म्हणजे पक्षी नव्हे. साल होतं दोन हजार चौसष्ट. भोरखिंडीच्या माळावरच्या हवामान केंद्रातून कृत्तिकाच्या आजोबांनी तीन महिन्यांपूर्वी एका मोठ्या फुग्याला बांधून एक पेटी वर सोडली होती. तिचं नाव टिटवी. वणव्यांचा धूर आकाशात किती उंच चढतो आणि तिथे किती दिवस टिकतो, हे शोधायला ती वीस किलोमीटर उंचीवर फिरत होती आणि काचेच्या बारा नळ्यांत हवा भरून घेत होती. पेटी सोडल्यावर पंधरा दिवसांनी आजोबा वारले. टिटवीला ते कळायचं काही कारण नव्हतं. ती आपलं काम करत राहिली.

आज ती पॅराशूटने खाली येणार होती. तिचा कॅमेरा माळावर कापलेल्या गवताचा चाळीस मीटर रुंद गोल शोधणार होता. गोल दिसला नाही, तर वळून पलीकडच्या नदीपात्रात उतरायचं, असं तिला शिकवलेलं होतं. नदीपात्रात नुसते धोंडे. नळ्या काचेच्या.

आणि गोलाच्या जागी गुडघाभर गवत वाढलं होतं. ते कापायला केंद्रात एकच यंत्र होतं, आजोबांचं. तीस वर्षांचं जुनं, छोट्या ट्रॅक्टरसारखं, वर बसून चालवायचं.

कृत्तिकाची आई सुनेत्रा यंत्राच्या डाव्या बाजूला उभी होती. ती धूलिकणांची शास्त्रज्ञ. टिटवीच्या नळ्यांची वाट तीच सर्वांत जास्त पाहत होती. एक पाय ब्रेकवर दाबून, वाकून, तिने पाचव्यांदा किल्ली फिरवली. सीटवर आजोबांची टोपी आणि घडी केलेला पंचा होता. आईनेच तो तेराव्यानंतर तिथे ठेवला होता. इथे बसू नका, असं ती कुणालाही म्हणाली नव्हती. कुणी बसलंही नव्हतं. आजोबा असतानासुद्धा त्या जागेवर दुसरं कोण बसणार?

आईला वाटलं, पेट्रोल शिळं झालं असेल. ती नवा कॅन आणायला निघाली, तेव्हा भोपळ्याने तिला थांबवलं. भोपळ्या म्हणजे केंद्रातला यंत्रमानव, गोल पोटाचा आणि अकरा किलो वजनाचा.

“ताई, पेट्रोल नसतं तर इंजिन फिरलं असतं, पेटलं नसतं,” तो म्हणाला. “हे फिरतच नाही. भुकेला माणूस निदान कुरकुर तरी करतो.”

कृत्तिकाला हे पटायला थोडा वेळ लागला. मग भोपळ्याने समजावलं. इंजिन स्वतःहून सुरू होत नाही. आधी स्टार्टर (इंजिनाला पहिला फेरा देणारी विजेची छोटी मोटर) त्याला फिरवतो. मग पेट्रोल पेटतं. स्टार्टरच गप्प असेल, तर त्याच्यापर्यंत वीज पोचत नसणार.

बॅटरी उतरली असेल, असं आईला वाटलं. पण दिवे झगझगीत होते. भोपळ्याने मापून पाहिलं, तर बॅटरी ठणठणीत.

म्हणजे वीज निघत होती आणि वाटेत कुठेतरी अडत होती. कुठे?

यंत्राचा आराखडा केव्हाच हरवला होता. कृत्तिकाने तारेवर बोट ठेवून वाट शोधायला सुरुवात केली. बॅटरीतून तार फ्यूजकडे (जास्त वीज आली की वितळून बाकीच्या तारा वाचवणारी पट्टी) जात होती. तिथून किल्लीकडे, मग ब्रेकजवळच्या खटक्याकडे, मग पात्यांच्या दांड्याजवळच्या खटक्याकडे. पुढे ती पत्र्याखाली शिरून दिसेनाशी होत होती आणि थेट स्टार्टरपाशी उगवत होती.

“सगळं एकामागोमाग एक आहे,” कृत्तिका म्हणाली.

हीच खरी गोष्ट होती. याला एकसर जोडणी (एकाच वाटेवर एकापुढे एक बसवलेले खटके) म्हणतात. वाटेतल्या प्रत्येक खटक्याने ‘हो’ म्हटलं तरच वीज पुढे सरकते. एकाने ‘नाही’ म्हटलं की संपलं, मग बाकीचे कितीही हो म्हणोत.

कृत्तिका बॅटरीपासून एकेक जागा तपासणार होती. भोपळ्याने सुचवलं की मधूनच सुरुवात कर; मध्यापर्यंत वीज येत असेल तर मागचं सगळं एका फटक्यात निर्दोष ठरतं. पण त्याआधी त्याने स्टार्टरची बारीक तार सोडवून ठेवली, म्हणजे हात जवळ असताना इंजिन अचानक फिरायला नको.

तपासायला दोन तारा जोडलेला छोटा दिवा होता. एक तार यंत्राच्या लोखंडी सांगाड्याला, दुसरी तपासायच्या जागी. आईने उभ्यानेच ब्रेक दाबला आणि किल्ली धरून ठेवली. ब्रेकच्या खटक्यापुढे दिवा लागला. पात्यांच्या खटक्यापुढेही लागला. सोडवलेल्या तारेच्या टोकाशी मात्र अंधार.

म्हणजे जे काही होतं, ते पत्र्याखाली. आणि पत्रा सीटखाली होता.

मग आईने टोपी आणि पंचा उचलून कट्ट्यावर ठेवला आणि सीट पुढे उलटली.

खाली स्प्रिंगवर बसवलेलं एक बटण होतं. आईने पुन्हा ब्रेक दाबून किल्ली धरली, कृत्तिकाने दोन्ही अंगठ्यांनी बटण सगळा जोर लावून दाबलं. भोपळ्याच्या हातातला दिवा लागला. तिने सोडलं, दिवा गेला.

“बिघडलं नाहीये ते,” कृत्तिका हळूच म्हणाली. “खरं बोलतंय. वर कुणी बसलेलं नाही, एवढंच सांगतंय.”

आई सीटकडे पाहत राहिली. पावणेतीन वाजले होते.

कृत्तिकाने सीटवर बसून पाहिलं, पण तिच्या चोवीस किलोंनी बटण दबेना. भोपळ्याचा तर प्रश्नच नव्हता. त्याने वाळूचं पोतं ठेवायचा उपाय सांगितला. आई पोतं आणायला वळलीसुद्धा.

“नको,” कृत्तिका म्हणाली. “चालवताना माणूस पडला तर पाती थांबावीत, म्हणून ते बटण आहे ना? पोतं असेल तर यंत्राला वाटेल, माणूस आहेच. पाती फिरतच राहतील.”

“अगदी अण्णांसारखी वाद घालतेस,” आई म्हणाली. अण्णा म्हणजे आजोबा. तिने सीट सरळ केली आणि वर चढून बसली.

भोपळ्याने स्टार्टरची तार जोडली. आईने किल्ली फिरवली. काहीच नाही.

आईचे खांदे पडले. पण कृत्तिकाने आता घाबरायचं सोडून विचार करायला सुरुवात केली होती. मघाशी सीटचा खटका ‘नाही’ म्हणत होता, तो आता ‘हो’ म्हणतो आहे. मग दुसऱ्या कुणीतरी मत बदललं असणार. मघापासून वेगळं काय झालं? आई उभी होती, ती बसली. ती खाली वाकली. आईची चप्पल ब्रेकवर होती, पण नुसती टेकलेली. आजोबा उंच होते. सीट त्यांच्या पायांच्या मापाने मागे सरकवलेली होती.

“ब्रेक पुरता दाबला जात नाहीये. आई, सीट पुढे घ्यावी लागेल.”

बाजूच्या दांड्याला गंज चढला होता. त्या खाचेतून सीट कित्येक वर्षांत हलली नव्हती. आईने दांडा धरला, जरा थांबली, आणि ओढला. एक खाच, दोन खाचा, तीन. तिने ब्रेक तळापर्यंत दाबला आणि किल्ली फिरवली.

माळावरचे दोन होले फडफडत उडाले, इतका मोठा आवाज झाला.

पावणेचार वाजता गोल तयार होता. टिटवीची नारिंगी छत्री आधी ठिपक्याएवढी दिसली, मग नदीपात्राच्या बाजूला झुकली आणि सावकाश वळून ताज्या कापलेल्या गवतावर टेकली. बाराच्या बारा नळ्या शाबूत होत्या.

प्रयोगशाळेत आईने त्या ओळीने मांडल्या. प्रत्येकीवर हवा भरल्याची तारीख होती. पहिल्या तीन तारखा आजोबा होते तेव्हाच्या होत्या. कृत्तिकाने विचारलं की यांत काय सापडेल.

“माहीत नाही,” आई म्हणाली आणि तिने पहिली नळी उचलली. “म्हणून तर उघडायची. तू टिपण लिहून घे.”