दोनशे तेरावा धडा

"मी भ्रमिष्ट झाले आहे का, तेवढं मला सांगा," म्हातारी म्हणाली. "झाले असेन तर मुलं म्हणतात तिथे सही करते."

तिने पिशवीतून एक अर्ज काढून टेबलावर ठेवला. वृद्धाश्रमाचा होता. सुबक अक्षरात सगळा भरलेला होता, फक्त सहीची जागा रिकामी होती. लेकीने भरला आहे, तिचं अक्षर पहिल्यापासून छान, असं म्हातारीने कौतुकाने सांगितलं.

लेबलबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. तीस वर्षं त्या एका टीव्ही केंद्राच्या टेपखान्यात लेबलं लिहीत होत्या, म्हणून हे नाव. आता लोकांच्या घरात रुसून बसलेले व्हिडिओ त्या चालते करून द्यायच्या, आणि व्हिडिओ कुणी रुसवला हे कळलं की तेही तोंडावर सांगायच्या. त्यांच्याबरोबर विमा कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ असत. त्यांना सगळे कारकून म्हणत. बाईंची बॅग उचलणं आणि चुकीचे निष्कर्ष काढणं ही त्यांची दोन कामं. दुसऱ्या कामात त्यांनी कधी खाडा केला नव्हता.

म्हातारीची हकीकत अशी. नवरा घड्याळजी, सहा महिन्यांपूर्वी गेला. शेवटची दोन वर्षं कामाच्या टेबलावर कॅमेरा टांगून त्याने घड्याळदुरुस्तीचे दोनशे बारा धडे रेकॉर्ड केले. ते सगळे एका हार्ड डिस्कवर होते आणि ती डिस्क हॉलमधल्या टीव्हीच्या बॉक्सला जोडलेली होती. जाण्याआधी तो म्हणाला होता, धड्यांनंतर शेवटचा एक व्हिडिओ घरच्यांसाठी आहे, सगळ्यांनी मिळून पाहा. म्हातारी रोज दुपारी धडे लावायची. तिला स्प्रिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं, नवऱ्याचा आवाज ऐकायचा असायचा. गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला ती दोनशे तेराव्यापर्यंत पोचली. त्यात घड्याळजीने सांगितलं होतं की दुकान वीस वर्षं बरोबर काम केलेल्या कारागिराला द्यावं.

"संध्याकाळी मी लेकीला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती धावत आली, दोन दिवस राहिली. रविवारी सगळे टीव्हीसमोर बसलो, तर व्हिडिओच नाही. दोनशे बारा संपला की यादी संपली. मुलगा म्हणाला, बाबांनी असं काही केलंच नव्हतं. लेक रडली, म्हणाली, आईला स्वप्न पडलं असेल. आता शनिवारी दुकान विकतायत."

"मुलगा," कारकून बाईंच्या कानात म्हणाले.

"बॅग उचला," बाई म्हणाल्या.

घर दुकानाच्या वर होतं. हॉलची अर्धी भिंत टीव्हीने खाल्ली होती. त्याखाली मूठभर आकाराचा बॉक्स आणि त्याला लटकलेली डिस्क होती. थोरला मुलगा कुठल्याशा कंपनीत 'सिस्टिम' सांभाळायचा, आणि ते समोरच्याला विसरू द्यायचा नाही. बॉक्स त्यानेच बसवला होता. सुट्टीत त्याची पोरं येतात म्हणून पहिल्या दिवसापासून चाइल्ड लॉकही लावला होता, असं त्याने स्वतःच सांगितलं. आईला त्याचा कोड दिलेला नव्हता, ती विसरेल म्हणून. आईसमोरच तो हे बोलला. म्हातारी पडद्याची चुणी सारखी करत राहिली.

"ही डिस्क कधी कॉम्प्युटरला लावून पाहिलीत?" बाईंनी विचारलं.

"गरजच काय, मॅडम? टीव्हीवर दिसत नाही म्हणजे नाहीच."

घड्याळातल्या संपलेल्या सेलकडे पाहावं तसं बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग दुकानाबद्दल विचारलं.

"त्या स्टुलावर मी एक दिवसही बसलो नाही," तो छाती काढून म्हणाला. "घड्याळाच्या आत काय असतं ते मला आजही माहीत नाही."

कारकुनांनी वहीत लिहिलं: गर्विष्ठ, तंत्र येतं, नक्की हाच.

धाकटी लेक स्वयंपाकघरात भेटली. तिच्या बोलण्यात इतका गोडवा होता की कारकून लगेच विरघळले. दातांच्या दवाखान्यात काउंटरला असते, म्हणाली. लोकांना वेळा द्यायच्या, थांबलेल्यांसाठी समोरच्या टीव्हीवर दात कसे घासावेत ते व्हिडिओ चढवायचे, मुलं असली की कार्टून, एवढंच काम. मग तिला वडील आठवले आणि डोळे भरले. लहानपणी त्यांच्या शेजारी बसून ती स्क्रू मोजायची. त्यांनी तिला एकच शिस्त लावली होती, हातात घेतलेलं काम अर्धवट सोडायचं नाही. आईचं आता वय झालं, तिला सांभाळायला जाणती माणसं हवीत, म्हणून तो अर्ज.

"आणि तो व्हिडिओ?"

"मला यातलं काही कळत नाही हो, ताई. रिमोट हातात घेतला तरी माझा गोंधळ उडतो."

कारकुनांनी वहीत लिहिलं: बिचारी. बाईंनी ते वाचलं आणि पान उलटून टाकलं.

खाली दुकानात कारागीर डोळ्याला भिंग लावून बसला होता. म्हातारीचंच मनगटी घड्याळ उघडून साफ करत होता. दुकान आपल्याला मिळणार होतं याबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. मालकीणबाईंना खोटं पाडलं, एवढंच तो दोनदा म्हणाला, आणि दुसऱ्यांदा त्याचा हात थांबला.

बाईंनी मागचं झाकण हातात घेतलं. आतल्या बाजूला बारीक ओरखडे होते.

"ही आमच्या दुकानाची रीत," तो म्हणाला. "जो घड्याळ उघडतो त्याने आत आपली खूण आणि तारीख कोरायची. मालक म्हणायचे, उघडलंस तर खूण कर, नाहीतर उघडू नकोस. हे शून्य मालकांचं. या दोन रेघा माझ्या."

"आणि ही फुली?"

"ती माझ्या आधीची. तारीख पाहा, सव्वीस वर्षांपूर्वीची. कुणाची ते मालकांनी कधी सांगितलं नाही."

"थोरल्यांची असेल," कारकून उत्साहाने म्हणाले.

"ते दुकानात यायचे ते फक्त चावी मागायला," कारागीर म्हणाला.

वर येऊन बाईंनी डिस्क सोडवली आणि आपल्या लॅपटॉपला लावली. फाइल मोजल्या. दोनशे तेरा. शेवटची उघडताच पांढऱ्या मिशांचा एक माणूस घसा खाकरून बोलू लागला. बाईंनी लगेच ती बंद केली.

"अहो, पण ही तर आहे," कारकून म्हणाले.

"जागची हललेलीच नाही. चार शिकलेली माणसं महिनाभर टीव्हीकडे तोंड करून बसली, पण डिस्क उचलून दुसरीकडे लावायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. आईला वेडी ठरवणं त्यापेक्षा सोपं होतं."

मग त्यांनी फाइलचे टॅग, म्हणजे फाइलला जोडलेली माहिती, उघडले. घड्याळजीने प्रत्येक धड्याचे टॅग नीट भरले होते. शीर्षक, क्रमांक, आणि शेऱ्याच्या चौकटीत एक शून्य व तारीख. दोनशे बारा धड्यांत तेच होतं. दोनशे तेराव्यात वर्गवारीच्या चौकटीत 'फक्त प्रौढांसाठी' असं होतं. ते वाचून कारकुनांचे कान लाल झाले आणि मेलेल्या माणसाबद्दल त्यांच्या मनात नको ते येऊन गेलं. शेऱ्यात शून्याखाली आणखी एक ओळ होती. फुली, आणि गेल्या महिन्याची दहा तारीख.

"सगळ्यांना बोलवा," बाई म्हणाल्या. "कारागिरालाही. घड्याळ घेऊन."

हॉलमध्ये थोरला सोफ्यावर पाय पसरून बसला. लेकीने आईच्या खांद्यावर हात ठेवला. बाई उभ्याच राहिल्या.

"टॅग म्हणजे बरणीवरची चिठ्ठी," त्यांनी सुरुवात केली. "तुमचा बॉक्स बरणी उघडून पाहत नाही, चिठ्ठी वाचतो. चिठ्ठीवर 'फक्त प्रौढांसाठी' असेल आणि चाइल्ड लॉक लावलेला असेल, तर तो ती बरणी यादीतसुद्धा दाखवत नाही. कॉम्प्युटर असल्या चिठ्ठ्यांना भीक घालत नाही, म्हणून माझ्याकडे व्हिडिओ चालला. नऊ तारखेला चिठ्ठीवर हे नव्हतं, म्हणून मावशींना दिसला. दहा तारखेला कुणीतरी डिस्क कॉम्प्युटरला लावून ते लिहिलं. मावशी, तुम्ही पाहिलं ते खरं होतं. तुमचं डोकं या घरात सगळ्यात ठिकाणावर आहे."

म्हातारीने पिशवीतून अर्ज काढून मांडीवर ठेवला.

"लॉक ह्यांनी लावला," कारकून थोरल्याकडे बोट दाखवून म्हणाले. शेवटपर्यंत त्यांनी आपला हेका सोडला नाही.

"ह्यांनी गुन्हा केला नाही," बाई म्हणाल्या. "तेवढी मेहनत यांना झेपली नसती. व्हिडिओ सापडत नव्हता हे यांच्या सोयीचं होतं, म्हणून यांनी शोधला नाही. सिस्टिमवाले म्हणे."

थोरल्याने पाय आवरून घेतले.

"ज्याने हे केलं त्याला लॉक आणि वर्गवारी दोन्ही समजतात. दवाखान्यातल्या टीव्हीवर मोठ्यांसाठी वेगळं आणि मुलांसाठी वेगळं चढवणाऱ्या माणसाला ते रोजचंच असतं. त्याच माणसाने मला सांगितलं की रिमोटसुद्धा हाताळता येत नाही. दहा तारखेला तो या घरात होता. व्हिडिओत काय आहे हे मावशींखेरीज त्याला एकट्यालाच माहीत होतं, कारण फोन त्यालाच गेला होता. पण हे सगळं नाकारता आलं असतं. हे येणार नाही."

त्यांनी लॅपटॉप वळवला आणि कारागिराच्या हातातलं झाकण त्याच्या शेजारी ठेवलं. दोन्हीकडे वर शून्य होतं आणि खाली फुली.

"मावशी, तुमच्या घड्याळात ही फुली कुणाची?"

"हिची," म्हातारी म्हणाली. "शाळेची सुट्टी होती. तिने पहिल्यांदा उघडलेलं घड्याळ ते. वडिलांनी पेढीवर बसवून खूण करायला शिकवली."

लेकीचा हात आईच्या खांद्यावरून खाली आला.

"शेऱ्याच्या चौकटीत वडिलांचं शून्य दिसलं," बाई म्हणाल्या, "आणि हात आपोआप चालला. उघडलं म्हणून खूण केली. फाइल पुसून टाकणं सोपं होतं, पण वडिलांचा आवाज पुसवेना. तेवढी माया शिल्लक होती. आईला वेडी ठरवायला मात्र हात कचरला नाही. अर्ज अगदी सुबक अक्षरात भरलात."

"मी आईच्याच भल्यासाठी..." लेक म्हणाली.

बाईंनी वर्गवारीची चौकट रिकामी केली आणि डिस्क पुन्हा बॉक्सला लावली. यादी दोनशे तेरावर थांबली. घड्याळजी घसा खाकरून बोलला. दुकान, हत्यारं, भिंगं, सगळं कारागिराला. मग तो पुढे म्हणाला:

"आणि याबद्दल कुणाला शंका आली तर हिला विचारा. माझी घड्याळं पुढेमागे झाली असतील, ही कधी चुकली नाही."

पडदा काळा झाला. म्हातारीने अर्जाची घडी केली आणि लेकीच्या हातात ठेवली. मग ती कारागिराकडे वळली.

"ती फुली घासून काढता येईल का?"

"नाही निघायची, मालकीणबाई. फार घासली तर झाकण फाटेल."

"मग राहू दे. वेळ बरोबर दाखवतं ना?"

"सेकंदाला सेकंद."

त्याने झाकण दाबून बसवलं. म्हातारीने घड्याळ मनगटाला बांधलं, त्यात पाहिलं आणि रिमोट हातात घेतला.

"सगळे निघा आता," ती म्हणाली. "माझी धडे पाहायची वेळ झाली."