बड्या दिनाचे कांदे

दिवाळी होऊन गेली होती, चातुर्मास संपत आला होता, आणि गंगेकाठी रामघाटावर दत्तात्रेयशास्त्र्यांच्या जिन्यात त्यांच्या भाडेकरूची पिशवी फाटली. गोल गोल वस्तू टप्पे खात अंगणात उतरल्या. तिथे विद्यार्थ्यांची संथा चालली होती, ती थांबली.

शास्त्र्यांच्या लेकीने, कालिंदीने, त्यातली एक पायाने अडवली, उचलून पाहिली.

"चातुर्मासात कांदे? किरायेदारजी, तुमच्या नाशकात चालतं हे?"

"कांदे नाहीत हो..." बिंदुमाधव ओशाळला. महिनाभर या मुलीला जिन्यात वाट देण्यापलीकडे त्याचं बोलणं झालं नव्हतं. "नर्गिसचे कंद आहेत. रामनगरहून आणले. फुलं येतात."

"म्हणजे कांद्याचे शिकलेले भाऊ!"

खात्रीसाठी शास्त्रीबुवांनी वास घ्यावा, असं ठरलं. पण कांदा निघाला तर घेतलेला वास परत कसा करायचा, हा प्रश्न शास्त्रात सुटलेला नव्हता. निकाल झाला : एकादशीपर्यंत वस्तू जिन्याखालच्या अंधारात, कालिंदीच्या नजरेखाली.

"आधी अंधारच लागतो त्यांना," बिंदुमाधव खूश झाला. "मुळं धरली की ऊन द्यायचं. बड्या दिनाला, नाताळात, फुलतील."

"मग?"

"मग साहेबांना डाली. आणि मला नाशिकची बदली."

गोरा साहेब देश सोडून गेला होता. त्याच्या खुर्चीवरचा नवा साहेब गंगास्नान करून कचेरीत यायचा. पण नाताळात हाताखालच्यांनी फळाफुलांची डाली आणायची, ही एक परंपरा त्याने श्रद्धेने जपली होती.

बिंदुमाधव तरुण होता, पण कचेरीने त्याला पार शिणवलं होतं. कालिंदी पहाटेपासून विद्यार्थ्यांच्या भाताच्या पातेल्यांशी झुंजून दमायची. संध्याकाळी ही दोन दमलेली माणसं जिन्याखाली, कंद लावलेल्या कुंड्यांपाशी – इथल्या बोलीत गमल्यांपाशी – टेकायची.

"नाशकात काय आहे एवढं?"

"काही नाही... इथेही नव्हतं."

"नव्हतं?"

"पाणी जास्त होतंय," तो म्हणाला. तिने हातातला तांब्या बघितला. तो रिकामा होता.

एकादशीनंतर तो रोज सकाळी गमले छतावर उन्हात मांडून कचेरीत जाऊ लागला. त्याची पाठ वळली, की कालिंदी ते उचलून पुन्हा जिन्याखाली ठेवायची. ओझं बरंच होतं, आणि कारण स्वतःलाही सांगण्यासारखं नव्हतं. मधे ती तापाने आडवी झाली. पडल्या पडल्या तिला वाटलं – संपलं, आज ऊन लागलं. दुपारी भिंतीला धरून पाहायला गेली, तर गमले जिन्याखालीच! विद्यार्थ्यांना विचारलं. त्यांनी कानावर हात ठेवले.

बडा दिन उजाडला. गमल्यांतून लांब, पिवळट पानं लोळत होती. कळी एकही नाही.

"आता साहेबांना काय देणार?" तिने मान खाली घालून विचारलं.

"पेरू देईन. पेरूवर बदली होत नाही म्हणतात."

"माझ्यामुळे झालं. मी रोज..."

"माहीत आहे."

"माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

बिंदुमाधव पानांवरची धूळ पुसत राहिला. मग म्हणाला, "तुम्हाला ताप होता ना... त्या दिवशी गमले मी ठेवले आत."

कालिंदीने वर पाहिलं. मग पदर खोचला आणि एक गमला उचलला.

"दुसरा घ्या. आता ऊन दाखवायला हरकत नाही."

"पौषात फुलतील."

"फुलू देत. घाई कुणाला आहे?"

दोघं जिना चढत होती. अंगणातून शास्त्रीबुवांनी मान वर केली.

"कालिंदी, कांदे कुठे निघाले?"

"कुठे नाही, अप्पा," ती वरून म्हणाली. "इथेच राहतायत."