मुक्या भुंकायचा थांबला

हे माझ्या स्वतःच्या घरात घडलंय. ऐकीव नाही, कुणाच्या मित्राच्या मित्राचं तर अजिबात नाही. पुरावा म्हणाल तर शंभर पानी वही आहे. तिच्यात माझ्याच अक्षरात तारीख आणि वेळ लिहिलेली आहे. ज्यांना थट्टा करायची त्यांनी खुशाल करावी.

मला त्याचं काही वाटत नाही. हल्ली मला फारसं कशाचंच काही वाटत नाही.

पहिली रात्र सतरा तारखेची. मंगळवार. दोन वाजून वीस मिनिटं.

आमचं घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. पुढची खोली, मग चिंचोळा पॅसेज, त्याच्या एका बाजूला स्वयंपाकघर आणि टोकाला झोपायची खोली. घरात मी आणि मुक्या.

मुक्या म्हणजे आमचा कुत्रा. सात वर्षांचा, तपकिरी, एक कान कायम पडलेला. पिल्लू असताना तो भुंकायचाच नाही, म्हणून बायकोने हे नाव ठेवलं.

बायकोला जाऊन तेव्हा अडीच महिने झाले होते. ताप आला, दवाखान्यात नेलं, नवव्या दिवशी गेली. मी रडलो नाही. आठवड्याने कामावर हजर झालो. मी कवळ्या बनवतो. दिवसभर साचे भरायचे, दात बसवायचे, घासून गुळगुळीत करायचे. हात गुंतलेले असले की डोकं गप्प बसतं.

तर त्या रात्री मुक्या भुंकला...

पाच वेळा. मग थांबला.

मी उठून पाहिलं. तो बाहेरच्या दारासमोर उभा होता. मानेवरचे केस ताठ. नजर दाराखालच्या फटीवर.

दार उघडलं. जिन्यातला दिवा चालू होता. कुणी नव्हतं.

दुसऱ्या रात्री पुन्हा. तिसऱ्याही. मग तो आणखी कशाकशावर भुंकायला लागला. मांजर, स्कूटर, वाऱ्याने हललेला पडदा... रात्रभर.

आठव्या दिवशी खालच्या मजल्यावरचे ड्रायव्हर वर आले. ते बस चालवतात. पहाटे साडेचारला निघतात. डोळे लाल झाले होते बिचाऱ्यांचे.

"तुमच्यावर काय वेळ आलीय ते मला कळतं हो," ते म्हणाले. "पण माझ्या मागे पन्नास माणसं बसलेली असतात. काल सिग्नलला डुलकी लागली मला."

"मी काहीतरी करतो," मी म्हणालो.

"पुढच्या महिनाअखेरपर्यंत बघा. नाहीतर सगळे म्हणतायत, कुत्र्याला दुसरीकडे सोडा. मी म्हणत नाही. सगळे म्हणतायत."

मुक्याला सोडायचं? ऐकून वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पण पायांनी मला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर म्हणजे पन्नाशीच्या बाई. हातांवर ओरखडेच ओरखडे. त्यांनी मुक्याचे कान, दात, सांधे, पोट, सगळं तपासलं.

"दुखणं काही नाही," त्या म्हणाल्या. "तो भुंकला की तुम्ही काय करता?"

"ओरडतो त्याच्यावर."

"मग त्याला वाटतं, तुम्हीपण त्याच्या जोडीला भुंकताय." त्या हसल्या. "आधी तो का भुंकतो ते समजून घेऊ, गप्प करायचं नंतर बघू. एक वही करा. कधी भुंकला, किती वेळा, कुठे तोंड करून. सगळं लिहा."

आणखीही बरंच सांगितलं. संध्याकाळी तासभर चालवायचं. जेवण लवकर द्यायचं. झोपायच्या आधी एकदा खाली नेऊन आणायचं. जाड पडदे लावायचे, पंखा चालू ठेवायचा, म्हणजे बाहेरचे बारीक आवाज ऐकू येत नाहीत. ओरडायचं नाही. गप्प बसला की लगेच शाबासकी आणि खाऊ.

मी सगळं केलं. मला तरी दुसरं काय होतं करायला?

आणि फरक पडला. मांजर गेलं, स्कूटर गेली, पडदा गेला. पंधरा दिवसांत वहीत रोज एकच ओळ उरली.

२.२०. पाच वेळा. बाहेरचं दार.

तेवढं मात्र जाईना.

त्याच सुमारास धाकटी बहीण चार दिवस राहायला आली. दादा नीट जेवतो की नाही ते बघायला. ती पुढच्या खोलीत झोपायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ढवळता ढवळता तिने विचारलं, "दादा, रात्री तू खाली गेला होतास?"

"नाही."

"मग दाराबाहेर धापा कोण टाकत होतं?"

"कधी?"

"मुक्या भुंकायच्या जरा आधी. चार मजले चढून आल्यावर माणूस कसं थांबतं ना, दम खात... तसं. मला वाटलं तूच आहेस. किल्ली लावशील म्हणून वाट बघितली. मग मुक्या भुंकला आणि सगळं गप्प."

मी कप खाली ठेवला.

तिचे डोळे भरून आले. "दादा... वहिनीच असेल रे. घरी येऊ बघत असेल."

बहीण गेली. मी त्या रात्री मुद्दाम जागा राहिलो. पुढच्या खोलीत, अंधारात, खुर्चीवर. मुक्या पायाशी.

दोन वाजून एकोणीस मिनिटं.

जिन्यात पावलं वाजली नाहीत. पण दाराच्या पलीकडे...

श्वास.

दमलेला. जड. थांबून थांबून घेतलेला.

मुक्या ताडकन उठला. पाच वेळा भुंकला. मी जाऊन कडी काढली आणि दार उघडलं. जिना रिकामा होता. दिवा चालू होता.

ती असेल तर तिला बाहेर का ठेवायचं, एवढंच मनात आलं. भीती नाही, आनंद नाही. पाहुण्याला म्हणावं तसं मी म्हणालो,

"ये. आत ये."

थोडा वेळ दार उघडंच ठेवलं. मग लावून घेतलं.

पुढच्या रात्री मुक्या बाहेरच्या दाराशी गेला नाही.

तो पॅसेजमध्ये उभा राहून भुंकला. पुढच्या खोलीकडे तोंड करून. चार वेळा.

त्याच्या दुसऱ्या रात्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. तीन वेळा.

मग झोपायच्या खोलीच्या दारात. दोनदा...

मी इमानदारीने लिहून ठेवलं. काय लिहितोय ते लिहिताना कळलं नाही.

डॉक्टरांना वही दाखवली. पानं उलटताना त्यांचं बोट हळू झालं.

"भुंकणं कमी होतंय," मी म्हणालो.

"हो. पण जागा बदलतेय. कुणीतरी एकेक पाऊल आत यावं तशी." मग चष्मा काढून म्हणाल्या, "रागावू नका, पण तुम्हाला काय वाटतं, कोण आहे?"

"बायको," मी सांगून टाकलं.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी साधा प्रश्न विचारला.

"त्या घरी यायच्या तेव्हा हा काय करायचा?"

मला आठवलं. ती कामावरून आली की मुक्या शेपटीसकट अख्खा हलायचा. कुं कुं करत तिच्या चपलांवर लोळायचा. सात वर्षं, रोज.

"भुंकायचा?"

"नाही," मी म्हणालो. "तिच्यावर कधीच नाही. एकदाही नाही."

डॉक्टरांनी वही मिटून माझ्या हातात दिली. मी मुक्याकडे पाहिलं. तो टेबलाखाली अंग चोरून बसला होता.

त्या रात्री दोन वीसला मुक्या भुंकला नाही.

जागा होता. पलंगाशेजारी उभा. माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या मागे बघत होता, बायको झोपायची त्या बाजूला. मग त्याने शेपूट पायांत घातली, माझ्या मनगटावर हनुवटी टेकवली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

गादी त्या बाजूने हळूच दबली...

मी वळलो नाही.

सकाळी डॉक्टरांना फोन केला. भुंकणं थांबलं, असं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "कुत्रा दोन कारणांनी थांबतो. एकतर त्याला कळतं की धोका नाही. नाहीतर त्याला कळतं की भुंकून काही उपयोग नाही."

"मुक्याचं कुठलं?"

"त्याला रात्री एकट्याला ठेवू नका," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

याला आता सात महिने झाले. ड्रायव्हर जिन्यात भेटले की हात जोडतात, म्हणतात, जादू केलीत राव. मुक्याला सोडायचा विषय कुणी पुन्हा काढला नाही. बहीण म्हणते, दादा, ते घर सोड, माझ्याकडे ये.

मी टाळतो. तिची दोन मुलं लहान आहेत. आणि घरात आधीपासून काही असतं तर घर सोडून भागलं असतं. हे घरातलं नव्हतं. ते बाहेरून आलं. जिने चढून, दम खात, मी बोलावल्यावर आलं. ते काय आहे, मला ठाऊक नाही. कशासाठी आलंय, तेही नाही.

रोज गादी दबते. धाप आता लागत नाही त्याला. श्वास अगदी संथ झालाय, माझ्याच लयीत चालतो. कधी कधी वाटतं, तो माझाच असेल, उगाच मनाचे खेळ.

परवा मी श्वास रोखून पाहिला.

एक... दोन... तीन...

तो चालूच राहिला.

मुक्याच्या पाठीवर हात ठेवला. तो थरथरत होता. मी पांघरूण वर ओढलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. सकाळी कामावर जायचं होतं.