सगळ्यांना पाठ असलेला आकडा

जानरावांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला, तेव्हा माया दारातच उभी होती. दिवाळीची सुट्टी होती. चुलतभाऊ धम्मदीप आणि मैत्रीण गीतांजली यांना घेऊन ती राजापेठेतल्या अभ्यासिकेत कॅरम खेळायला आली होती. पण कॅरम राहिला बाजूला. अभ्यासिकेचे अध्यक्ष धर्मेंद्रकाका तावातावानं बोलत होते आणि मायाचे आबा, म्हणजे तिथली देखरेख करणारे जानराव, मान खाली घालून ऐकत होते.

वस्तीनं मोठ्या हौसेनं घेतलेला प्रोजेक्टर गेला होता, तोही आकड्यांचं कुलूप असलेल्या लोखंडी कपाटातून. कुलूप फोडलेलं नव्हतं. आकडा काका आणि आबा या दोघांनाच ठाऊक. मी तर नेला नाही, मग कोणी नेला, असा काकांचा सवाल होता. जाता जाता त्यांनी मायालाही सोडलं नाही. या पोरीनं आकडा मोबाइलमध्ये भरून ठेवला, तिथूनच तो फुटला असणार. काय ते संध्याकाळच्या सभेत ठरवू, असं म्हणून ते गेले.

मायाच्या हे फार जिव्हारी लागलं. आबांना आकडे लक्षात राहत नसत, म्हणून उन्हाळ्यात तिनंच त्यांच्या मोबाइलवर पासवर्ड मॅनेजर बसवून दिला होता. आबांनी एक लांबलचक वाक्य पाठ ठेवायचं, त्यानं तो उघडायचा. आत बाकीचे सगळे आकडे जपून ठेवलेले. कपाटाचा आकडाही तिनं त्या मॅनेजरलाच निवडायला लावला होता, कुणाच्या वाढदिवसाशी वा गाडीच्या नंबराशी काडीचा संबंध नसलेला. तेव्हा काका हसले होते. चार आकड्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, ते काय डोक्यात राहत नाहीत?

आबा बाकावर बसून राहिले. डबा तसाच पडला होता. माया जवळ गेली, तेव्हा ते हळूच म्हणाले, "यष्टीत कंडक्टर होतो, तवा कोनाची थैली गाडीत राह्यली तर घरी नेऊन देल्ली. आन् आता लोकायनं मले चोर मनावं?"

रडून प्रोजेक्टर थोडाच परत येणार होता! तिनं आबांना हाताला धरून उठवलं आणि कपाट उघडून दाखवायला सांगितलं. आबांनी चष्मा लावला, मोबाइलमध्ये पाहिलं आणि एकेक आकडा दाबला. लाल दिवा लागला. पुन्हा दाबला, पुन्हा लाल.

"असं काहून होऊन राह्यलं?" आबा चक्रावले.

धम्मदीपचे हात नेहमीच शिवशिवत असत. त्यानं पुढे होऊन चौदा-शून्य-चार दाबलं, म्हणजे चौदा एप्रिल, बाबासाहेबांची जयंती. हिरवा दिवा लागला आणि कपाट उघडलं!

माया विचार करू लागली. कुणीतरी आकडा बदलला होता. या कुलपाचा आकडा बदलायचा तर आधी जुना टाकावा लागतो, आणि तो दोघांनाच ठाऊक होता. आबांना तर बदलल्याचाही पत्ता नव्हता. म्हणजे बदलणारे काकाच! धम्मदीप लगेच ओरडत सुटणार होता, पण तिनं त्याची बाही धरली. आबा सोंग करतात, असं काका म्हणाले तर? शिवाय काकांनी आकडा बदलला म्हणजे प्रोजेक्टरही त्यांनीच नेला, असं थोडंच होतं! तो सापडल्याशिवाय आबांच्या नावावरचा डाग धुतला जाणार नव्हता.

गीतांजली तोवर कपाटात डोकावून बघत होती. प्रोजेक्टर नव्हता, पडद्याचं पांढरं कापड नव्हतं आणि वायरचा लांब बोर्डही नव्हता. पण दोन नवेकोरे लॅपटॉप जिथल्या तिथे होते.

"लॅपटॉप सोडून बोर्ड नेणारा चोर कधी पाह्यला का तुमी?" ती म्हणाली.

बरोबरच होतं. नेणाऱ्याला कुठेतरी काहीतरी दाखवायचं होतं. गीतांजलीच्या घरी फुलांचा धंदा, त्यामुळे कुठे कार्यक्रम आहे हे तिच्या घरी आधी कळे. रविवारी दर्यापूरच्या विहारासाठी मोठे हार गेले होते, ते न्यायला अमोल नावाचा कार्यकर्ता राजापेठेत आला होता. आणि त्याच रविवारी आबा डोळे दाखवायला दवाखान्यात गेले होते. अभ्यासिकेत फक्त पुस्तकात मुंडकं घालून बसलेली मुलं होती.

गीतांजलीच्या आईला सांगून तिघं दर्यापूरच्या बसमध्ये बसली. एरवी खिडकीच्या जागेवरून मारामारी झाली असती. आज धम्मदीपनं आपणहून खिडकी सोडली. बाहेर कपाशी फुटली होती, पण मायाचं तिकडे लक्ष नव्हतं. अमोलकडे प्रोजेक्टर नसला तर सभेत कुठल्या तोंडानं जायचं, हाच घोर तिला लागला होता.

अमोल विहारातच भेटला. मायानं विचारताच तो मोकळेपणानं हो म्हणाला. प्रोजेक्टर त्याच्याकडेच होता, उद्या परत आणून देणार होता. नेण्याआधी काकांना त्यानं फोन करून विचारलं होतं. ते अकोल्यात कुणाच्या साखरपुड्यात होते, मागे डीजे दणाणत होता, आणि ते हो हो म्हणाले होते.

"पण कपाट कसं उघडलं तुमी?"

"त्यात काय? आमच्या कपाटाचा आकडा दाबून पाह्यला, उघडलं. आपल्या लोकायचा आकडा दुसरा कोनता राहीन?" अमोल हसला. पण आबांवर काय बेतलं ते कळल्यावर त्याचं हसू मावळलं. प्रोजेक्टर पोत्यात गुंडाळून तो मुलांबरोबरच निघाला.

सभा सुरू झाली होती. आबा एका कोपऱ्यात बसले होते आणि त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती. ते पाहून माया थेट पुढे गेली. काकांचा मोबाइल टेबलावर होता. तिनं तो उघडून बघायची परवानगी मागितली. काकांनी मिशीत हसून दिली. नंबर फक्त त्यांनाच ठाऊक होता ना! मायानं चौदा-शून्य-चार दाबलं आणि उघडलेला मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

दोघातिघांनी आपापले मोबाइल हळूच खिशात सारले.

मग अमोलनं प्रोजेक्टर टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. काकांचा चेहरा उतरत गेला. डीजेच्या दणदणाटात अमोल काय मागतोय ते ऐकू न येताच ते हो म्हणाले होते. जुना आकडा डोक्यात राहत नसे आणि दर वेळी मोबाइलमध्ये बघून टाकायचा त्यांना कंटाळा, म्हणून त्यांनी तो बदलला होता, आणि जानरावांना सांगायचं राहून गेलं होतं. सांगितलंच आहे, असं ते धरून चालले होते.

"काका, ही तारीख आपल्या सगळ्यायच्या काळजात आहे," माया म्हणाली. "म्हनूनच ती कुलुपाले चालत नाई."

काका उठले, आबांपाशी गेले आणि हात जोडून उभे राहिले.

"जानरावभाऊ, सगळ्यायसमोर तुमाले बोललो, सगळ्यायसमोर माफी मांगतो. मोठे आमी, पन अक्कल या लेकरायनं शिकवली."

आबांनी काकांचे जोडलेले हात खाली केले. लोकांनी तिन्ही मुलांच्या पाठीवर थाप मारली. गीतांजलीच्या नजरेचं तर सगळ्यांनीच कौतुक केलं. अमोलनंही दर्यापूरच्या कपाटाचा आकडा आधी बदलतो, असं कबूल केलं.

मग काकांनीच विनंती केली, की कपाटाला नवा आकडा आबांनी आपल्या हातानं घालावा. आबा मोबाइल घेऊन कपाटापुढे उभे राहिले. आणि काकांनी, कुणी न सांगता, भिंतीकडे तोंड केलं. त्यांचं पाहून सभेतले सगळे वळले, अमोल वळला, धम्मदीप आणि गीतांजलीही वळली. मायानंही आबांकडे पाठ केली. मागे आबा शांतपणे एकेक आकडा दाबत होते, आणि वळून बघावं असं कुणालाही वाटलं नाही.