काचेच्या टाकीतले खून

“त्याला उलटं टांगायचं!” सोसायटीतली गुजराती मैत्रीण चंचल म्हणाली.

“आधी पकडायचं की आधी टांगायचं?” हर्षलने विचारलं.

“आधी शिक्षा ठरवायची, पछी पकडायचं. त्यातच तर मजा!”

रश्मी सोसायटीच्या मागच्या बदामाच्या झाडाखाली उकिडवी बसून जुन्या चमच्याने माती उकरत होती. शेजारी बदामाच्या पानावर एक नारिंगी गोल्डफिश निपचित पडला होता. दुपारपर्यंत त्याचं नाव भजी होतं आणि तो जिवंत होता. त्याच्याआधी टिकली गेली, टिकलीच्या आधी फुगडी. आता टाकीत एकटा शेठ उरला होता. जाडजूड, संथ आणि कायम भुकेलेला.

माती सारखी करून रश्मी उठली. तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाज अगदी शांत होता.

“कोणीही असू दे,” ती म्हणाली, “मी त्याला सोडणार नाही. चारचौघांत मान खाली घालायला लावीन!”

तेरा वर्षांची रश्मी असं शांतपणे बोलली की समोरच्याने सावध व्हावं, हे तिच्या वर्गातल्या सगळ्या मुलांना माहीत होतं. घरातल्या मोठ्यांना मात्र अजून कळायचं होतं.

सुरतेत भेस्तानच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ही टाकी सुट्टी लागल्या लागल्या आली होती. रश्मीने आणि तिच्या धाकट्या भावाने, अजिंक्यने, टाकीसाठी वर्षभर हट्ट केला होता. उगाच घाई केली नव्हती हं! वाळू धुतली, पाणी मुरवलं, नुसतं पाणी फिरवत टाकी कितीतरी दिवस रिकामी ठेवली, आणि मगच मासे आणले. नाशिकहून सुट्टीला आलेला चुलतभाऊ हर्षल तर रोज विचारायचा, “तुम्ही पाणी पाळताय का गं?”

आणि तरीही मासे मेले. दुपारी जेवताना ठणठणीत असायचे, संध्याकाळी पाहावं तर पाण्याच्या वर तोंड काढून आ वासलेले, आणि मग आडवे!

पण रश्मीच्या रागाचं खरं कारण मासे नव्हते. म्हणजे मासे होतेच, पण त्याहून मोठं कारण होतं अजिंक्य.

“अति खायला घालून मारले यानेच!” असं टिकली गेली त्याच दिवशी महेशमामाने जाहीर केलं होतं. महेशमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. धुळ्याहून साड्यांचा धंदा करायला आला होता आणि ‘जागा मिळेपर्यंत’ यांच्याकडे राहत होता. जागा काही मिळत नव्हती. तो नुसतं बोलून थांबला असता तरी चाललं असतं. त्याने मेलेल्या टिकलीचा आणि हातात खाण्याची डबी धरलेल्या अजिंक्यचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आमचे मासेमार!’

झालं! धुळ्याच्या मावशीपासून पुण्याच्या काकांपर्यंत सगळे हसले. जो फोन करील तो म्हणे, “द्या जरा मासेमारांना!” अजिंक्य फोन वाजला की गॅलरीत जाऊन बसायला लागला. दहा वर्षांचा मुलगा, पण जेवताना मान वर करीना. त्याने एकदाच सांगितलं होतं, “मी चिमूटभरच घातलं.” कोणी ऐकलं नाही. बाबांनी तर सांगूनच टाकलं, “शेठही गेला तर टाकी ऑफिसातल्या बाबुरावांना देऊन टाकणार. मुक्या जिवांचे हाल नकोत.”

“खाणं रोज मी बघत होते,” रश्मी बदामाखाली म्हणाली. “चिमूटभरच घालायचा तो. खुनी दुसराच आहे!”

“दुकानदार!” हर्षल ओरडला. “आजारी मासे गळ्यात मारले!”

अजिंक्यला बरोबर घेऊन चौघं तडक दुकानात गेली. बरोबर टाकीतलं पाणी बाटलीत भरून नेलं होतं. चंचलने दारातूनच गुजरातीत तोफ डागली. दुकानदाराने शांतपणे पाण्यात दोन-चार थेंब टाकले, रंग पाहिला आणि म्हणाला, “पाणी चोख्खुं छे, बेन.” मग त्याच पिशवीतून आलेले उरलेले मासे दाखवले. सगळे मजेत फिरत होते. चंचलची तोफ थंड झाली. ती परत येईपर्यंत पुटपुटत होती, “एने तो छोडी दीधो, पण खऱ्या खुन्याला नहीं छोडूं!”

घरी आल्यावर तिनेच टाकीचं झाकण उचललं, नाक आत घातलं आणि झटक्यात मागे सरली.

“शुं वास छे आ? ड्रायक्लीनवाळ्याच्या दुकानात येतो तसा!”

रश्मीने वास घेतला. हर्षलने घेतला. होता खरा! आईच्या उदबत्तीमागे लपलेला, पण होता.

“टाकीत वास आला कुठून?” हर्षल म्हणाला. “वरून झाकण, चारी बाजूंनी काच. आत काही जातच नाही!”

“जातं,” अजिंक्य म्हणाला. त्याने बोट दाखवलं. पाण्यात बुडबुडे सोडणारी बारीक नळी टाकीतून निघून भिंतीवरून, दाराच्या चौकटीवरून मागच्या खोलीत गेली होती. “हवा जाते.”

सगळ्यांच्या माना त्या नळीमागे वळल्या.

हवेचा पंप आधी टाकीशेजारीच होता. पण मामा हॉलमध्ये दिवाणवर झोपायचा आणि त्याला पंपाची घूं घूं सहन होत नव्हती. म्हणून त्यानेच लांब नळी आणून पंप मागच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला होता. बाबांनी तेव्हा त्याच्या हुशारीचं केवढं कौतुक केलं होतं!

रश्मीने मागच्या खोलीचं दार उघडलं. कोपऱ्यात कडोदऱ्याहून आणलेल्या साड्यांची गाठोडी होती. मामाचा धंदा हाच. कारखान्यात तेलाचे, ग्रीसचे डाग पडलेल्या साड्या पडत्या भावात उचलायच्या, औषधाच्या फवाऱ्याने डाग उडवायचे आणि नव्या म्हणून विकायच्या. आईने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “ते औषध घरात मारायचं नाही. गच्चीवर जा.” आणि मामा रोज दुपारी सांगायचा, “ताई, गच्चीवर चाललो गं!”

“मे महिन्यात सुरतेच्या गच्चीवर, भरदुपारी?” चंचल हसली. “मामा पापड आहे का?”

गाठोड्यामागे औषधाचा डबा होता. दाराशी ओला करून पिळलेला जुना टॉवेल पडला होता, फटीत कोंबून कोंबून लांबट झालेला. आणि कट्ट्यावर पंप, बिचारा इमानदारीने घरघर करत खोलीतली हवा ओढत होता.

म्हणजे मामा दार लावून, फटीत टॉवेल कोंबून, पंख्याखाली बसून डाग उडवत होता. वास ताईच्या नाकापर्यंत जाऊ नये याची त्याने चोख व्यवस्था केली होती. आणि ती सगळी विषारी हवा पंप ओढून नळीतून थेट माशांच्या पोटात सोडत होता!

अजिंक्यचा चेहरा लालबुंद झाला. “आणि मासेमार मी?”

“आत्ताच्या आत्ता काकूंना सांगू!” हर्षल म्हणाला.

“नाही,” रश्मी म्हणाली. “तो म्हणेल, मी गच्चीवरच असतो. आणि मोठी माणसं मोठ्या माणसाचंच ऐकतात. त्याच्याच तोंडून वदवायचं. सगळ्यांसमोर!”

त्या संध्याकाळी बदामाखाली जो कट शिजला, तो ऐकून चंचलने टाळ्याच वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, मामा नेहमीसारखा “गच्चीवर चाललो!” म्हणून ओरडला. आई शेजारी प्रमिलाबाईंकडे पापड लाटायला गेली. मुलं “चंचलकडे खेळायला!” म्हणून चपला वाजवत बाहेर पडली. खरं तर दारामागेच थांबली. मागच्या खोलीची कडी लागल्याचा, मग दाराच्या फटीत टॉवेल कोंबल्याचा आवाज आला.

“सुरू!” रश्मीने खूण केली.

अजिंक्यने शेठला जाळीने अलगद उचलून टाकीतल्याच पाण्याने भरलेल्या बादलीत सोडलं. बादली चंचलच्या घरी गेली. तिथे अजिंक्य प्लास्टिकचा मग घेऊन बसला आणि पाणी वरून ओतत राहिला, हवा मिळावी म्हणून. त्याला हात दुखतोय का विचारलं तर नुसती नकारार्थी मान हलवायचा. चंचल छत्री घेऊन गच्चीच्या जिन्यात जाऊन बसली. हर्षलने बुडबुड्यांची नळी टाकीतून काढून स्वच्छ प्यायच्या पाण्याच्या ग्लासात सोडली आणि वरून ताटली घट्ट झाकली. ग्लासात बुडबुडे फुटत राहिले. दाराआडून फवाऱ्याचा फस्स फस्स आवाज येत राहिला.

रश्मी ग्लासाकडे बघत बसली. तिला भजीची आठवण येत होती. मेल्यावर त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. तिला मामाची अजिबात दया येत नव्हती, आणि दया येत नाही याचं वाईटही वाटत नव्हतं.

संध्याकाळी बाबा आले तेव्हा शेठ अजून चंचलच्या घरी बादलीतच, पण सुखरूप होता. आईने चहा ठेवला. प्रमिलाबाई पापडांचा डबा द्यायला आल्या होत्या, त्याही टेकल्या. मामा केस विंचरून, डोकं चेपत दिवाणवर बसला.

“कसं दुखी राह्यनं डोकं!” तो म्हणाला. “ऊनच असं आहे वर. काय हो मासेमार, आज कोणाला मारलं?”

अजिंक्यने मान खाली घातली नाही. मामाला ते जाणवलं नाही.

“मामा, आज पण गच्चीवरच होतास?” रश्मीने गोड आवाजात विचारलं.

“मग! दुपारभर. घामाघूम झालो. ताईला दिलेला शब्द म्हणजे शब्द!”

“खोटं!” दारातून चंचल ओरडली. “मी आखी दुपार जिन्यात बसले होते. वर एक कबूतर आलं, बस!”

“ही कोण मला विचारणारी?” मामा उसळला.

“असू दे, असू दे,” रश्मी म्हणाली. “केवढा दमलायस, मामा. आधी पाणी घे.”

तिने झाकलेला ग्लास पुढे धरला. हर्षल मामाच्या अगदी बाजूला येऊन उभा राहिला. न जाणो, खरंच प्यायला लागला तर हिसकावून घ्यायचा, असं ठरलं होतं. पण तशी वेळच आली नाही. मामाने ताटली उचलली, ग्लास तोंडाशी नेला आणि नाक आक्रसून लांब केला.

“अरे, काय हे! डागाचं औषध घातलंय का यात? माणसाला मारता का?”

“एक थेंबही घातला नाही,” रश्मी म्हणाली. “फिल्टरचं पाणी आहे. फक्त बुडबुड्यांची नळी दुपारभर यात ठेवली होती. ती नळी, जिचा पंप तू मागच्या खोलीत नेलास. जिथे तू आज नव्हतास!”

बाबांनी ग्लास घेऊन वास घेतला. मग नळी बघितली. मग उठून मागच्या खोलीत गेले आणि तो टॉवेल दोन बोटांत धरून घेऊन आले.

“महेश,” आई म्हणाली. एवढंच म्हणाली, पण मामाचं तोंड पांढरं पडलं.

“ताई, अगं, वर फार ऊन असतं गं… मला काय माहीत, पंप हवा कुठून ओढतो ते!”

“तुला माहीत नव्हतं, आणि तरी माझ्या पोराला दोष दिलास?” आईचा आवाज चढला. “रोज डोकं दुखतंय म्हणून माझ्याकडून बाम लावून घेतोस, ते कशाने दुखतं कळलं का? बंद खोलीत बसून तूही तेच ओढतोयस, वेड्या! आणि शेजारी आम्ही झोपतो!”

“पोरं फार हुशार हो तुमची,” प्रमिलाबाई म्हणाल्या आणि पापडांचा डबा मामासमोरून उचलून मुलांपुढे सरकवला.

बाबांनी हर्षलची पाठ थोपटली, चंचलला म्हणाले, “जिन्यात त्या उन्हात बसलीस? शाब्बास!” रश्मीकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली, पण त्यात बरंच काही होतं. मग ते अजिंक्यसमोर खाली बसले. “तू सांगत होतास. मी ऐकलं नाही. चुकलं माझं.”

अजिंक्यने बाबांच्या गळ्यात हात टाकले.

मामाला वाटलं, आता आपलाही नंबर लावून घ्यावा. तो हसत हसत पुढे आला आणि अजिंक्यच्या केसांत हात फिरवत म्हणाला, “चल, सॉरी रे भाचेबुवा. नवीन मासे आणून देतो. झालं ना माफ?”

“नाही,” अजिंक्य म्हणाला.

मामाचा हात हवेतच राहिला. त्याने ताईकडे पाहिलं. एरवी आई लगेच म्हणाली असती, ‘असं बोलू नये मोठ्यांना.’ आज ती चहा ओतत राहिली.

“मग काय करू?”

“सगळ्यांना सांग,” अजिंक्य म्हणाला. “ग्रुपवर. लिहून नको. बोलून.”

“अरे, सगळे हसतील मला!”

“हो,” अजिंक्य म्हणाला.

मामाने मोबाइल काढला. घसा खाकरला. पहिल्यांदा इतक्या हळू बोलला की रश्मीने पुसायला लावलं. दुसऱ्यांदा म्हणाला, “मासे काही कारणाने मेले,” तेही पुसायला लावलं. तिसऱ्यांदा भेस्तानच्या त्या हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात महेशमामा म्हणाला, “मी महेश बोलतोय. मासे मी मारले. अजिंक्यने नाही. ताईशी खोटं बोलून मी बंद खोलीत औषध मारलं, आणि नाव पोराचं घेतलं.”

अजिंक्यने तो निरोप सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा ऐकला. मग स्वतःच्या बोटाने पाठवून दिला.

दोनच मिनिटांत धुळ्याच्या मावशीचा फोन आला. अजिंक्य गॅलरीत पळाला नाही. त्याने फोन उचलला आणि म्हणाला, “हॅलो मावशी, मी अजिंक्य.”