दोन ते पाच

घड्याळं दुरुस्त करणारी ताई आत्याच्या ऑफिसात शिरली तेव्हा अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. हे तिनेच सांगितलं, कारण भिंतीवरचं घड्याळ अकरा वाजून दहा दाखवत होतं.

"सहा मिनिटं पुढे आहे," ती म्हणाली आणि लगेच ओशाळली. "सॉरी. सवय आहे."

"बस," आत्या म्हणाली. "पुढे गेलेलं घड्याळ मागे आणता येतं. तुझं काय मागे पडलंय ते सांग."

आत्या म्हणजे शहरातली एकमेव खासगी गुप्तहेर, जिच्या दारावर 'आत चप्पल घालून आलात तरी चालेल' अशी पाटी होती. चपलांवरून माणूस वाचता येतो, असं तिचं म्हणणं. सख्ख्या भाच्यांपासून पोलिसांपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत. कोपऱ्यातल्या खुर्चीत तिचे थोरले भाऊ बसलेले असत. ते निवृत्त भूगोल शिक्षक, म्हणून सगळ्यांचे मास्तर. ते तिचे मदतनीस होते, निदान त्यांची तशी समजूत होती.

"माझं दुकान नाहीसं झालंय," ताई म्हणाली.

मास्तरांनी वही उघडली. "चोरीला?"

"नाही हो. दुकान आहे तिथेच आहे. फोनवरून नाहीसं झालंय. आधी लोक फोनवर 'जवळपास घड्याळ दुरुस्ती' शोधायचे, की माझंच नाव वर यायचं. रोज चार-पाच नवी माणसं यायची. गेले तीन आठवडे चिटपाखरू नाही. आणि हे बघा."

तिने तीन कागद पुढे ठेवले. लोकांनी फोनवर लिहिलेली मतं तिने हाताने उतरवून आणली होती. तिन्हींना एकेकच तारा होता. पहिलं: 'सव्वादोनला गेलो, दाराला कुलूप.' दुसरं: 'दोन म्हणजे दोन. यांचंच घड्याळ बिघडलंय का?' तिसरं: 'अडीच वाजता आईला घेऊन उन्हात उभी होते. परत येणार नाही.'

"दोन ते पावणेतीन मी घरी जेवायला जाते," ताई म्हणाली. "दहाला उघडते, सातला बंद करते. बाबांच्या वेळेपासून असंच आहे. पण शनिवारी धाकटा भाऊ दुकानाची किल्ली नेणार. मीच शब्द दिलाय त्याला, महिनाभरात गिऱ्हाईक परत आलं नाही तर दुकान सोडून तुझ्या कंपनीत येते म्हणून. आत्या, मला तिथे दिवसभर पुठ्ठ्याची खोकी मोजावी लागतील. मी अकराव्या वर्षापासून घड्याळाच्या पोटात हात घालतेय."

"आज बुधवार," आत्या म्हणाली. "दादा, तुमचा फोन काढा."

मास्तरांचा फोन म्हणजे त्यांचा दुसरा जन्म होता. निवृत्तीनंतर त्यांना फोनवरच्या नकाशाचं वेड लागलं होतं. या पार्किंगला छप्पर आहे का, या वाचनालयात बाकं आहेत का, असं नकाशा विचारी आणि मास्तर जिथे असतील तिथून उत्तर देत. प्रश्न अनुत्तरित सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. गेल्या महिन्यात एकशे बारा उत्तरं झाली होती आणि नकाशाने त्यांना एक नारंगी बिल्लाही बहाल केला होता. तो ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत.

त्यांनी शोधलं आणि यादी खाली-खाली सरकवली. "मिळालं. नववं. 'बंद आहे. दुपारी दोनला उघडेल.' अहो ताई, तुमची वेळ दोन ते पाच लिहिलीय. तीनच तास दुकान उघडं ठेवलंत तर गिऱ्हाईक यायचं कसं?"

"दहा ते सात," ताई दात आवळून म्हणाली.

"नकाशा खोटं बोलत नाही," मास्तर म्हणाले.

"नकाशा बोलतच नाही," आत्या उठत म्हणाली. "नकाशाला कोणीतरी सांगतं, तेच तो पुढे सांगतो. चला, कोणी सांगितलं ते बघू."

ताईचं दुकान अरुंद रस्त्यावर होतं. कोपऱ्यावर मोबाइलचं चकाचक दुकान आणि ताईच्या बरोब्बर समोर एक छोटं सलून. ताईच्या काचेच्या दारावर, कमरेच्या उंचीला, दोन जुन्या तबकड्या चिकटवलेल्या होत्या. वरची हिरवी, तिचे काटे दहावर. खालची लाल, तिचे काटे सातवर. आकडे नव्हते, नुसते गोल फिरणारे बारा ठिपके.

"उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ," ताई म्हणाली. "बाबांनी लावल्यात. म्हणायचे, घड्याळाच्या दुकानाला वेळ अक्षरांत लिहावी लागत असेल तर दुकान कशाला काढायचं?"

"आणखी कुठे लिहिलीय वेळ?"

"कुठेच नाही. फक्त फोनवर. ते पान भावाने बनवलं होतं."

तासाभरासाठी दुकान सांभाळायला थांबलेला भाऊ आतच उभा होता. मोजमाप घ्यायची टेप त्याच्या हातात होती.

"ताई, तू गुप्तहेर आणलेस?" तो म्हणाला. "अगं, मी काय तुझा शत्रू आहे का?"

"टेप कशाला आणलीस मग?" ताई म्हणाली.

त्याने टेप खिशात घातली.

आत्याने त्याच्या चपला पाहिल्या. "पानावर वेळ काय टाकली होतीस?"

"दहा ते सात. आणि त्या पानाला मी वर्षभर हात लावलेला नाही, हवं तर ईमेलची पत्रपेटी बघा." त्याने फोन पुढे केला. न उघडलेल्या दोनशे पत्रांत एक सापडलं. 'एका वापरकर्त्याने तुमच्या दुकानाची नवी वेळ सुचवली आहे. ती लागू करण्यात आली.' तारीख तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारची होती.

"हे वाचलं नाहीस?" ताईचा आवाज चढला.

"कंपनीची पत्रं वाचता वाचता जीव जातो, तुझी कधी वाचू?" तो म्हणाला, पण मान खाली घालून.

मास्तरांनी वहीत लिहिलं: 'भाऊ. निष्काळजी. संशयित नं. १.'

संशयित नंबर दोन मोबाइलवाला. नकाशावर तोच सगळ्यात वर होता. मास्तर त्याच्याकडे असे पाहत होते की जणू त्याने सगळा रस्ता गिळलाय.

"मी?" मोबाइलवाला हसला. "आत्या, माझ्याकडे मनगटी घड्याळं येतात ती बॅटरी बदलायला. चाकं-स्प्रिंगवाली आली की मी सरळ ताईकडे पाठवतो. ती गेली तर तसली घड्याळं आणणारे म्हातारे माझं डोकं खातील."

"मग तुम्हीच पहिले कसे?"

"रोज एक फोटो टाकतो. कोणी तक्रार लिहिली की त्याच दिवशी उत्तर देतो, माफी मागतो. सुट्टीच्या दिवशीची वेळसुद्धा बदलतो. ताईंच्या पानावर एकच फोटो आहे, त्यात मांजर झोपलंय."

"ते गोड आहे," ताई म्हणाली.

"मांजर गोडच आहे, पण घड्याळ कुठाय?"

आत्या खळखळून हसली आणि रस्ता ओलांडून सलूनमध्ये शिरली. मास्तर तिच्या मागोमाग.

"या मास्तर," सलूनवाला कात्री वाजवत म्हणाला. "तीन आठवड्यांत कानावर आले की केस. त्या दिवशी म्हटलं होतं, जरा बारीक करू या, तर तुमचं लक्ष फोनमध्ये."

"अभ्यास चालू होता," मास्तर म्हणाले.

"ताईच्या दुकानाबद्दल काही विचित्र दिसलं?" आत्याने विचारलं.

"मला काय दिसणार? दिवसभर माझी पाठ रस्त्याकडे आणि नजर गिऱ्हाइकाच्या डोक्यावर. रस्त्यावर अपघात झाला तरी मला तो गिऱ्हाईकच सांगतं."

आत्याने खुर्चीकडे पाहिलं. मग कोणाला काही न विचारता तीत बसली.

"आत्या, तुमचे केस मी कापणार नाही हं," सलूनवाला घाबरून म्हणाला. "मागच्या वेळी तुम्ही मला आठवडाभर शिकवत होतात."

आत्या समोर बघत होती. भिंतभर आरशात तिच्या खांद्यामागे उघडं दार होतं, पलीकडचा फुटपाथ होता, एक टेकवलेली सायकल होती, ताईच्या दाराचा खालचा भाग होता. दुकानाच्या नावाची वरची पाटी आरशाच्या चौकटीबाहेर राहत होती. आत्या दोन मिनिटं पाहत राहिली आणि मग एकटीच हसू लागली.

"झालं," ती म्हणाली. "पाच वाजता सगळे इथे या. दादा, तुम्ही केस कापून घ्या. माझ्यातर्फे."

पाच वाजता सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ताई दारापाशी, भाऊ बाकावर, मोबाइलवाला शाम्पूच्या बाटल्यांमध्ये. मधल्या खुर्चीत गळ्यापर्यंत पांढरं कापड गुंडाळलेले मास्तर, मांडीवर वही.

"मला वाटतं तो भाऊच," मास्तर हळूच म्हणाले.

"तुम्ही हलू नका, कान कापला जाईल," सलूनवाला म्हणाला.

"पहिली गोष्ट," आत्याने सुरुवात केली. "ताईचं वाईट करायचं असतं, तर त्या माणसाने 'दुकान कायमचं बंद' असं कळवलं असतं. एकच बटण दाबायचं. त्याऐवजी त्याने दोन ते पाच अशी नेमकी वेळ भरली. खोटं बोलणारा इतके कष्ट घेत नाही. हे कोणा प्रामाणिक माणसाचं काम आहे."

"प्रामाणिक?" ताई म्हणाली.

"प्रामाणिक माणूस वेळ मनाने लिहीत नाही, कुठून तरी वाचून लिहितो. मग त्याने वाचली कुठे? फोनवर तर दहा ते सात होतं. भावाने आपली चूक कबूल केली, पण ती पत्र न वाचण्याची. मोबाइलवाल्याला ताई हवीच आहे. कागदावर, पाटीवर, कुठेही वेळ लिहिलेली नाही. उरल्या फक्त बाबांच्या तबकड्या."

"पण त्या दहा आणि सात दाखवतात," मोबाइलवाला म्हणाला. "मी रोज बघतो."

"तुम्ही रस्त्यावरून बघता. दादा, समोर आरशात बघा. ताईच्या दारावरची हिरवी तबकडी किती वाजले म्हणते?"

मास्तरांनी डोळे बारीक केले. "दोन."

"आणि लाल?"

"पाच. म्हणजे दोन ते..."

कात्री थांबली. मास्तरांनी आरशात स्वतःकडे पाहिलं, मग स्वतःच्या मागे ताईकडे.

"अक्षरं उलटी झाली की माणूस ओळखतो, हा आरसा आहे," आत्या म्हणाली. "आकडे असते तरी ओळखलं असतं. पण नुसत्या ठिपक्यांची तबकडी उलटी झाली तरी तबकडीच दिसते. दहाचे दोन होतात, साताचे पाच. वरची पाटी आरशात मावतच नाही. म्हणजे वेळ कळवणारा या खुर्चीत बसला होता, तोंड भिंतीकडे, हातात फोन. तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी. आता एकच प्रश्न उरला. केस कापताना नकाशाने 'समोरच्या दुकानाची वेळ माहीत आहे का' असं विचारलं, तर उत्तर देणारा माणूस शहरात कोण आहे?"

मास्तरांनी कापडाखालून फोन काढला. आपल्या उत्तरांची यादी उघडली. वर सरकवली. आणखी वर.

"मंगळवार," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "सत्तेचाळिसावं उत्तर. दुकानाचं नावसुद्धा वाचलं नाही मी. पुढचा प्रश्न कुठल्यातरी जिन्याच्या कठड्याचा होता." मग ते खुर्चीतच वळले, अर्धं डोकं कापलेलं, अर्धं तसंच. "ताई, चाळीस वर्षं मी पोरांना सांगितलं, नकाशा बघण्याआधी आपण कुठे तोंड करून उभे आहोत ते बघा. आणि मीच विसरलो. तुमचं दुकान माझ्यामुळे जायला निघालं होतं."

ताईने त्यांच्या अर्ध्या कापलेल्या डोक्याकडे पाहिलं. मग तिला हसू फुटलं, ते थांबेचना.

"मास्तर," ती म्हणाली, "माझ्या सगळ्या शत्रूंमध्ये नारंगी बिल्ला असलेले तुम्ही एकटेच."

मास्तरांनी तिथेच, गळ्यात कापड असताना, वेळ दुरुस्त केली. पानाचा मालक म्हणून भावाने ती मंजूर केली, स्वतःहून, कोणी सांगायच्या आत. मोबाइलवाल्याने ताईच्या टेबलाचे, भिंगाचे, उघड्या घड्याळांचे नऊ फोटो काढले. मांजर दहाव्यात ठेवलं. तीन तक्रारींना ताईने रात्रीच्या आत उत्तरं लिहिली. उन्हात उभ्या राहिलेल्या बाईला तिने लिहिलं, 'आईंना घेऊन या. खुर्ची पंख्याखाली ठेवलीय.'

गुरुवारी दुकान यादीत सहावं आलं. शुक्रवारी तिसरं.

शनिवारी सकाळी भाऊ किल्ली न्यायला आला. दारात माणसं उभी होती, म्हणून तो सरळ आत घुसायला लागला.

"अहो, मागे रांग आहे," एक बाई म्हणाली. तिने आपल्या म्हाताऱ्या आईचा हात धरला होता.

तो मुकाट्याने रांगेत उभा राहिला. वीस मिनिटांनी त्याचा नंबर लागला तेव्हा ताईने भिंगातून वर न पाहता विचारलं, "काय बिघडलंय?"

भावाने किल्ली मागायला पुढे केलेला हात मागे घेतला. मनगटावरचं घड्याळ काढून तिच्यापुढे ठेवलं. "मागे पडतंय," तो म्हणाला. "मंगळवारी येऊ का न्यायला?"

"दहा ते सात," ताई म्हणाली. "मधे पाऊण तास सोडून. आता फोनवर तेही लिहिलंय."

रस्त्यापलीकडे सलूनच्या दारात मास्तर उभे होते. नकाशाने त्यांना नुकतंच काहीतरी विचारलं होतं. त्यांनी फोन खिशात घातला, रस्ता ओलांडला, ताईच्या दारासमोर उभं राहून दोन्ही तबकड्या नीट पाहिल्या, आणि मगच उत्तर दिलं.